राधाचा गुरुवार

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.४०

ही वही तनुजाने एक जानेवारीला दिली. म्हणाली, आई, मनात येईल ते यात लिहीत जा, ऑफिसच्या वेळात मला फोन करून सांगू नकोस. मुलगी विनोदी आहे, वडिलांवर, रंगनाथवर गेली आहे. सुरुवात तेहतीस दिवस उशिरा होते आहे, पण होते आहे.

ठराव. रोज एक पान, पूर्ण. दुसरा ठराव, कपिंग शिकायचं. तिसरा, अंगठ्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही.

अंगठा म्हणजे उजवा. थंडीने जरा रुसला आहे, एवढंच. डॉक्टर संजय म्हणाले, मुळाशी सांधा झिजलाय, बावीस वर्षं लोकांच्या पाठी दाबताय, आता मसाज बंद. एक्सरे बघून बोलले. एक्सरेत माणसाचं काम कुठे दिसतं. मी विचारलं, बंद म्हणजे किती दिवस. ते म्हणाले, प्रश्न चुकीचा विचारताय तुम्ही. हल्लीच्या डॉक्टरांना बोलायची पद्धत नाही.

म्हणून कपिंग. पाठीवर कप उपडे लावायचे, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, कातडी वर उचलली जाते आणि आखडलेला स्नायू सुटतो. दाबायचंच नाही. काम कप करतात, आपण शेजारी उभं राहायचं. इतकं सोपं मला आधी सुचलं कसं नाही.

आज माझ्या मसाजच्या रूमवर सात बायका आल्या. सहाजणींनी माझ्या हाताखालच्या शबनमकडून करून घेतलं. मला त्रास नको म्हणून. बिबवेवाडीत अजून माणुसकी आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस राहून गेले. आज जास्त लिहिते, म्हणजे फिटलं.

गुरुवार म्हणजे राधा. दुपारी चार वाजता, रिक्षाने, हातात काहीतरी खायचं. राधा आणि मी तिसरीपासून एका डॉर्मिटरीत. माझे वडील मांजरी गावात ऊस संशोधनाच्या नोकरीत, तिचे सैन्यात, म्हणून दोघी कॅम्पातल्या शाळेच्या बोर्डिंगात. शेजारशेजारच्या खाटा. थंडीत तिच्या पोटऱ्या दुखायच्या. मी पांघरुणाखालून हात घालून दाबायची. एकदा सिस्टर बेनेडिक्टांनी टॉर्च मारून पकडलं. शिक्षा होणार असं वाटलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला इन्फर्मरीत, शाळेच्या दवाखान्यात नेलं, स्वतःची पाठ समोर केली आणि अंगठा कसा टेकवायचा ते शिकवलं. म्हणाल्या, चाइल्ड, फर्स्ट लिसन, देन प्रेस. आधी ऐक, मग दाब. त्यांच्या गाउनला निलगिरी आणि इस्त्रीचा वास यायचा. मला अजून कुठे इस्त्री चालू असली की अंगठ्यात काहीतरी हलतं.

मी ही रूम उघडली त्या पहिल्याच गुरुवारी पहिली राधा आली. नंतर बावीस वर्षं. तिच्या सासूचं तेरावं गुरुवारी आलं तेव्हासुद्धा पाच वाजता आली होती, केस ओले.

बाकी सगळ्या जणी शबनमकडे गेल्या तरी माझी हरकत नाही. राधाची पाठ माझी. ती आहे तोवर मी काम करते असं मला म्हणता येतं. ती गेली तर टेबलं धुऊन बंद करायची, आणि घरी बसून रंगनाथबरोबर बातम्या बघायच्या. पण ती कुठे जाणार.

आजही उठता उठता म्हणालीच, दर्शनी, अंगठा अगदी आत गेला बघ. दर गुरुवारी म्हणते. आज मला स्वतःला तो आत गेल्यासारखा वाटला नव्हता. पण ज्याची पाठ त्याला कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी

दोन दिवसांचा कोर्स संपला. सदाशिव पेठेत, पहिला मजला, खाली स्पर्धा परीक्षांचे क्लासेस. जिन्यात इतक्या चपला की स्वतःच्या शोधायला दहा मिनिटं लागली. शिकवणारे रविराज सर. वय अठ्ठावीस असेल. दर वाक्यात फॅशिया, म्हणजे स्नायूवरचा पापुद्रा. विद्यार्थी अकरा, त्यातले नऊ जिम ट्रेनर. मी सर्वांत अनुभवी. सरांनी विचारलं, आंटी, तुम्ही पेशंट म्हणून आलात का. मी सांगितलं, मी बावीस वर्षं प्रॅक्टिसमध्ये आहे. ते म्हणाले, वॉव.

जोड्या पाडल्या, एकीत तिघं. माझ्या जोडीला ऋतिका नावाची मुलगी, दंडावर वाघ गोंदलेला. पंप पिस्तुलासारखा असतो, चाप ओढायचा. चाप ओढायला अंगठा लागतो, हे पुस्तकात नव्हतं. ऋतिका म्हणाली, काकू, तुम्ही झोपा, मी लावते. असं दोन्ही दिवस मी झोपले. झोपून शिकण्याचा फायदा म्हणजे पेशंटला काय वाटतं ते आतून कळतं. इतर दहा जणांना हे ज्ञान मिळालं नाही.

पाठीवर चौदा गोल उमटलेत. जांभळे. सर म्हणाले, जितका गडद डाग तितकं आत काहीतरी तुंबलेलं होतं. रंगनाथनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, बस अंगावरून गेली की लोक एकामागून एक वाटी ठेवून गेले.

सर्टिफिकेट लॅमिनेट करून मिळालं. नावात दर्शनीऐवजी दर्शिनी केलंय. असू दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कपांचा सेट आला. चोवीस कप, दोन पंप, एक नळी. आत इंग्रजीत सूचना, त्यातलं इंग्रजी बघून सिस्टर बेनेडिक्टांनी छडी घेतली असती.

रंगनाथवर प्रयोग. त्यांच्या पाठीला केस आहेत. पंप दोन्ही हातांनी धरून ओढला, कप बसला, मी दुसऱ्याकडे वळले, तोवर पहिला पडला. असे नऊ पडले. दहावा पलंगाखाली गेला. मी म्हटलं, केस काढावे लागतील. ते म्हणाले, छत्तीस वर्षं नोकरी केली, माझ्या पाठीला रिटायर होऊ दे. शर्ट घालून बाल्कनीत जाऊन बसले. बाल्कनीतून आमच्या रूमचं दार दिसतं, समोरच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे. दिवसभर येणारं-जाणारं बघतात आणि शेरे मारतात.

निष्कर्ष: कपिंग बायकांसाठी जास्त योग्य.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऐतिहासिक दिवस. राधाला पहिले कप लावले. तीन. चौथ्याला पंप हातातून सटकला, मग मीच ठरवलं की पहिल्या वेळी तीन पुरे.

पंप डाव्या हाताने चालवला. जमतो. जरा हळू. राधा पालथी पडून शाळेच्या गॅदरिंगचं काहीतरी सांगत होती, आम्ही देवदूत झालो होतो आणि माझा पंख मदर सुपीरियरच्या चष्म्यात अडकला होता. हसली की कप हलायचे. एक आपोआप निघाला.

दहा मिनिटांनी कप काढले. पाठ स्वच्छ. एकही डाग नाही. रविराज सरांच्या म्हणण्याप्रमाणे गडद डाग म्हणजे आत तुंबलेलं. राधाच्या पाठीत काहीच तुंबलेलं नाही. बावीस वर्षांच्या कामाची याहून मोठी पावती काय असते.

उठताना ब्लाउज घालायला तिला वेळ लागला. डावा हात बाहीत जाईना. मी मदत केली. ती म्हणाली, हे ब्लाउजच मेलं आटलंय.

म्हणाली, कप चांगले आहेत, पण तुझ्या अंगठ्याची सर नाही गं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शबनमला कपिंग शिकवलं. तासभर. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये एकदा टॉवेल घडी केले. मग मी म्हटलं, कर बघू. तिने सोफ्यावर बसल्या बसल्या स्वतःच्या पोटरीला चार कप लावले, एका ओळीत, पट्टीने आखल्यासारखे. चाप ओढायची, सोडायची, पुढचा. मी तिला शाबासकी दिली. शिकवणारा चांगला असला की फरक पडतो.

मग ती म्हणाली, काकू, आमच्या कमरजहां खाला, मावशी माझ्या, मोमीनपुऱ्यात हेच करतात, चाळीस वर्षं झाली. आधी शिंग लावायच्या, मग काचेचे ग्लास. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांचा काकडा पेटवून द्यायचे.

मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत.

नऊ वर्षं माझ्याकडे आहे. पण तिच्याकडे सर्टिफिकेट नाही, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

डॉक्टर संजयनी अंगठ्याला मेणाचा शेक सांगितलाय. दर मंगळवारी दुपारी अडीच ते चार. त्या वेळात रूम शबनम बघेल. कुणाला कळायला नको म्हणून मी सांगितलंय की बँकेत जाते. शबनमने विचारलं, दर मंगळवारी का. मी म्हटलं, केवायसी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सहा दिवस लिहिलं नाही. पेन धरलं की अंगठ्यातून कळ मनगटात जाते. पेन जाड हवं. तनुजाला जाड पेन आणायला सांगितलं तर म्हणाली, आई, मार्कर का. थट्टेचा विषय नाही.

गुरुवारी राधाला कोपराने दिलं. कोपर हे अंगठ्याचं मोठं भावंडच. एकदा कळवळली, मी विचारलं, लागलं का, ती म्हणाली, छे, बरं वाटलं म्हणून.

नवीन योजना. कपिंगची जाहिरात करायची, पण पत्रकं वगैरे नाही. माझ्या निम्म्या बायका पोहण्याच्या तलावावरच्या सकाळच्या लेडीज बॅचच्या. त्यांना एकदा फुकट कपिंग द्यायचं. तलावावर पाठी उघड्या असतात. सगळ्या एकमेकींच्या पाठी बघतात, विचारतात. आठ पाठी म्हणजे आठ बोर्ड. हे मॅनेजमेंट कॉलेजात शिकवत असतील, मला आंघोळ करताना सुचलं.

शबनमला सांगितलं. ती म्हणाली, काकू, डाग उठतील, लोक काय समजतील. मी म्हटलं, समजावं म्हणूनच तर.

४ मार्च, मंगळवार

आठही जणी झाल्या. काल चार, आज चार. पंप शबनमने चालवला, मी मार्गदर्शन केलं. प्रत्येकीला दहा. मार्गदर्शन म्हणजे मी डोक्याशी बसून प्रत्येकीशी गप्पा मारल्या. सर्वांत जुन्या मिसेस पंडित म्हणाल्या, तुमच्या शबनमचा हात काय आहे हो. मी म्हटलं, मी तयार केलीय.

उद्या सकाळी सात वाजता या ऐंशी गोलांचं उद्घाटन.

५ मार्च, बुधवार. सकाळी ९

तलावावरून आत्ता आले. शांतपणे लिहायचं ठरवलंय.

आठ जणी ओळीने शॉवरखालून बाहेर आल्या. मी काठावर उभी होते, बघायला. तलावावर सोजरबाई असतात, बायकांच्या शॉवरची देखरेख. टोपी नसली तर कलेक्टरीणबाईलासुद्धा परत पाठवतात. त्यांनी पहिली पाठ पाहिली. मग दुसरी. मग शिट्टी वाजवली. म्हणाल्या, थांबा, कुणी पान्यात उतरायचं न्हाई. हे गजकर्ण हाय.

मी पुढे होऊन सांगितलं की हे गजकर्ण नाही, ही थेरपी आहे. त्या म्हणाल्या, गोल हाय का न्हाई. मी म्हटलं, गोल आहे. त्या म्हणाल्या, मग. आमच्या नातवाला झालं व्हतं, असंच गोल. एकाच येळी आठ जणींस्नी झालंय म्हंजे पसरतंय.

मिसेस पंडित म्हणाल्या, अहो सोजरबाई, हे कपांचे डाग आहेत. सोजरबाई म्हणाल्या, कप कुनी पाठीवर ठेवतं का, बाई, च्या कुठं पेता मग.

मी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट पर्समधून काढलं. सोजरबाईंनी ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाल्या, ह्यावर तर तुमचं नाव हाय. गजकर्न न्हाई आसं कुठं लिवलंय.

तोवर बाकीच्या बायका पाण्यातून बाहेर आल्या होत्या. स्वतःहून. एक जण दोनदा आंघोळ करून गेली.

७ मार्च, शुक्रवार

तलावाच्या फळ्यावर खडूने लिहिलंय: अंगावर गोल चट्टे असलेल्या महिलांनी पाण्यात उतरू नये. चट्टे कसे आले याची माहिती कार्यालयास देऊ नये.

म्हणजे माझा मुद्दा ऐकून घ्यायचीच तयारी नाही.

आठही जणींचे पोहण्याचे दहा-बारा दिवस वाया जाणार. मिसेस पंडितांनी फोनवर विचारलं, पुढच्या वेळी हे कप चौकोनी मिळतील का. मग म्हणाल्या, पण पाठ मात्र पिसासारखी झालीय, पुढचा टाइम शबनमकडे देऊन ठेवा. आठांपैकी सहाजणींनी शबनमचे टाइम घेतले. म्हणजे योजना यशस्वी झाली असंच म्हणायला हवं. कमी-जास्त होतंच.

काल गुरुवारी राधा आलीच. सगळं सांगितलं. इतकी हसली की टेबलावरून उतरता येईना. तिला नऊ कप लावायचं ठरवलं होतं. दोन लागले. बाकी वेळ गप्पाच मारल्या. जाताना म्हणाली, अंगठा अगदी आत गेला बघ. अंगठा मी काल फार वापरला नव्हता. पूर्वीचा परिणाम टिकून असतो.

१० मार्च, सोमवार

तेलाच्या बाटलीचं झाकण अडकित्त्याने उघडलं. बाटली फुटली.

१३ मार्च, गुरुवार. होळी

राधा येणार नाही असं वाटलं होतं. चार वाजता रिक्षा थांबली. डब्यात पुरणपोळ्या. म्हणाली, होळी काय दर वर्षी येते.

डॉक्टरांनी अंगठ्याला पट्टा दिलाय, प्लास्टिकचा, आत पांढरा कापूस. तो राधासमोर नको म्हणून काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबलं. वीस मिनिटांनी मी हात बदलला. राधा म्हणाली, आज इतकं पुरे गं, पोळ्या गार होतायत.

तिने डावा हात मांडीवरच ठेवून एका हाताने पोळी खाल्ली. शाळेत आम्हाला दोन्ही कोपरं टेबलाखाली ठेवून जेवायला लावत, त्याची आठवण झाली. सिस्टर बेनेडिक्टांचा विषय निघाला. राधाला आठवत होतं की गेल्या तेव्हा त्यांचे हात इतके वाकडे झाले होते की जपमाळसुद्धा दुसरं कुणीतरी धरायचं. मला हे आठवत नव्हतं. मला त्यांचे हात सरळच आठवतात.

१७ मार्च, सोमवार

रंगनाथ जेवताना म्हणाले, राधाबाईंचा गुरुवार हल्ली मंगळवारी येतो वाटतं.

मी म्हटलं, म्हणजे. ते म्हणाले, काही नाही, बाल्कनीतून दिसलं ते सांगितलं, आमटीत मीठ आहे का.

निवृत्त माणसाला वार कळत नाहीत. हे रविवारी सकाळी बँकेत निघाले होते.

२० मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६

विजय. हे पान पूर्ण लिहिणार, कितीही कळ आली तरी.

राधा पालथी झाली, मी टॉवेल खाली केला, आणि डाग. गोल, जांभळे, ठसठशीत, चांगल्या पिकलेल्या करवंदाच्या रंगाचे. माझे कप. दोन आठवड्यांनी उमटले. आधी आत काम करत होते आणि आता वर आले. रविराज सरांनी असं काही सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यांनाही माहीत नसणार. कोर्सच्या ग्रुपवर लिहिलं: १४ दिवसांनी डाग उमटल्याची केस, सविस्तर कळवते. ऋतिकाने अंगठा पाठवला.

राधाला मी काही बोलले नाही. तिला घाबरवायचं कशाला. तीही काही बोलली नाही. उठली तेव्हा तिने दोन्ही हात वर करून केसांचा अंबाडा बांधला. बऱ्याच दिवसांत तिला असा अंबाडा बांधताना पाहिलं नव्हतं. कपिंगचा गुण.

नेहमीचं वाक्य म्हणाली. आनंदाने ऐकलं.

संध्याकाळी ७.३०

दोन ओळी. मणक्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, आणि दोन डाव्या खांद्यावर. बारा.

मी लावले होते दोन.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी

बारा होते. पट्टीने आखल्यासारखे.

मोठ्या कपाचे होते. मोठा कप मला ओढता येत नाही. मी छोटेच लावते.

मी स्वतःची समजूत घालून पाहिली. एकेक गोष्ट जमत होती, सगळ्या मिळून जमेनात. दहा वाजता रूमवर गेले. शबनम टेबलाला चादर घालत होती. मी विचारलं, राधा मंगळवारी येते का.

तिने चादरीचा कोपरा खोचला. मग दुसरा खोचला. म्हणाली, हो काकू.

कधीपासून.

दिवाळीपासून, म्हणाली. तेव्हा सकाळी यायच्या, तुम्ही भाजी आणायला गेलात की. खांदा पार आखडला होता, केस विंचरता येत नव्हते त्यांना, वेणी सून घालायची. आधी नुसती मालीश केली. मग तुम्ही मंगळवारी बाहेर जायला लागलात तशा मंगळवारी यायला लागल्या, आणि या मंगळवारी पहिल्यांदा कपही लावले. आता हात वर जातो. त्यांनी शपथ घातली होती मला, दर्शनीला सांगायचं नाही म्हणून. काकू, मी मंगळवार बंद करू का त्यांचा.

मी म्हटलं, वेडी आहेस का. खांदा सुधारतोय तर बंद कशाला करायचा.

दिवाळीपासून म्हणजे पाच महिने. म्हणजे वीस गुरुवार. वीस वेळा ती रिक्षाने आली, पालथी झोपली, मी आखडलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि ती बरं वाटलं म्हणाली.

आधी ऐक, मग दाब. मी कधीपासून ऐकत नव्हते कोण जाणे.

शबनमने चहा करून दिला. मी विचारलं, तू मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, काकू, तुम्ही विचारलं नाहीत. मग मी तिला म्हटलं, मी बँकेत जात नाही. ती म्हणाली, माहीत आहे, मेणाचा वास येतो हाताला.

२३ मार्च, रविवार

ठराव. राधाला स्पष्ट सांगायचं. भाषण तयार केलं. इंग्रजीत, कारण इंग्रजीत मला रडू येत नाही, एलोक्यूशनचा सराव आहे. राधा, वुई आर बोथ ओल्ड एनफ. अशी सुरुवात. मग, यापुढे तू शबनमकडेच ये. मग, इट हॅज बीन अ प्रिव्हिलेज. आरशासमोर दोनदा म्हटलं.

रंगनाथ दारात उभे होते. विचारलं, कुणाचा निरोप समारंभ. मी म्हटलं, माझा. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, माझ्या पाठीचे केस काढायचे असतील तर काढ.

लग्नाला अडतीस वर्षं झाली, असं काही ते पहिल्यांदाच बोलले.

२५ मार्च, मंगळवार

मेणाच्या शेकाला गेले नाही. अडीचला बाल्कनीत, रंगनाथच्या शेजारी बसले. तीन वाजता रिक्षा आली. राधा उतरली. वर बघितलं नाही. भराभर आत गेली, शाळेत जिन्यावरून सिस्टरच्या नजरेआड पळायची तशी. एकसष्ट वर्षांची बाई.

रंगनाथनी माझ्याकडे न बघता पेपरचं पान उलटलं.

२७ मार्च, गुरुवार. डाव्या हाताने

अक्षर वाईट. इलाज नाही.

चार वाजता राधा आली. सोबत नानकटाई. पट्टा काढून ठेवायला विसरले, की विसरले नाही. तिने पट्ट्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती म्हणाली, उन्हाळा वाढला. मी म्हटलं, हो ना.

भाषण येत होतं. पहिलं वाक्य तोंडात होतं. तेवढ्यात ती पालथी झाली आणि बाजूला तोंड करून म्हणाली, आठवतं, खाटेची स्प्रिंग करकरायची तेव्हा तू खोकायचीस.

टॉवेल खाली केला. गोल फिके झाले नव्हते. परवाचे होते, ताजे. बारा. सुरेख काम आहे. इतकं सरळ मला कधी जमलं नसतं.

मग मी हात ठेवला. पट्ट्यासकट, नुसता. दाबलं नाही. चोळलं नाही. तिचा श्वास वर आला की हात वर जायचा, खाली गेला की खाली. पंखा चालू होता. शबनम पलीकडच्या टेबलाशी होती, ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. चाळीस मिनिटं तसंच बसले. मुंग्या आल्या.

पाच वाजता राधा उठली. पाठमोरी बसून ब्लाउजचे हुक लावले, दोन्ही हातांनी. म्हणाली, दर्शनी, अंगठा अगदी आत गेला बघ.

मी विचारलं, फार जोर झाला का.

ती म्हणाली, नाही गं, आहे तेवढाच राहू दे.